बाबांची थंड गाडी

थंडी पडली की रत्नागिरीत माणसं एकमेकांशी जरा बरं बोलायला लागतात. आमची थंडी ती केवढीशी, घाटावरची माणसं तिला हसतील. पण पहाटे दव पडलं, अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटलं, की आता आंब्याच्या कलमांना मोहोर धरणार या आशेने ज्याच्या नावावर एकुलतं एक झाड आहे तोसुद्धा खुशीत असतो. भाजीवाली विचारते, ऑफिसातला शिपाई विचारतो, दातांचा डॉक्टर आपल्या तोंडात आरसा घालून विचारतो, काय, गारवा आहे ना यंदा? त्या वर्षी मी सगळ्यांना हो म्हणत होते आणि मनातून चडफडत होते. थंडी आल्यापासून आमची गाडी पेट्रोल पीत होती, आणि त्यावरून घरात असं काही सुरू झालं होतं की माझं कशात लक्ष लागत नव्हतं.

गाडी बाबांची. लहान, पेट्रोलवरची, एके काळी पांढरी, आता जुन्या चादरीसारखी पिवळट. पंधरा वर्षं झाली तेव्हा सगळ्यांनी विका म्हणून सांगितलं, पण बाबांनी ती पुन्हा पासिंग करून आणली आणि वर पेढे वाटले. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. धरणाच्या पाण्याची पातळी बघायची, कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, यात त्यांची नोकरी गेली. वस्तू जपणं हा त्यांचा स्वभावच. आमच्याकडे छत्री दहा वर्षं टिकते आणि ती हरवली तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं.

खरं सुतक त्या थंडीआधीच्या पावसाळ्यात आलं. आई गेली. आजार वर्षभराचा होता, उपचार कोल्हापूरला चालले होते. तेव्हा बाबाच तिला याच गाडीतून न्यायचे, आंबा घाट चढून, आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. मला ऑफिसातून इतक्या रजा मिळत नव्हत्या, भाऊ डोंबिवलीला. आम्ही दोघं फोनवरून विचारायचो, नीट पोचलात ना, आणि पलीकडून आईचा आवाज यायचा की हो, अगदी आरामात.

ती गेल्यावर घरात बाबा आणि मी उरलो. मी लग्न केलेलं नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या घरात संध्याकाळी ताटं वाढताना मात्र वाटायचं की इथे अजून कुणीतरी हवं होतं. बाबा बोलत नसत. टीव्ही लावून आवाज बंद ठेवत. विचारलेल्याचं उत्तर मिळे, तेवढंच. एकच गोष्ट ते आपणहून करत. रोज सकाळी गाडी काढून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, आमच्या बागेत जात. बाग म्हणजे जयगडच्या रस्त्याला, कातळ फोडून लावलेली मोजकी कलमं आणि भोवती चिऱ्यांचा गडगा, बुटक्या भिंतीसारखा. फवारणीला, राखणीला तिथल्या वाडीतला माणूस होता. बाबांचं तिथे तसं काही काम नव्हतं. पण परत आले की त्यांच्या तोंडावर जरा रंग असायचा, आणि एखादं वाक्य जास्तीचं बोलायचे. मला तेवढं पुरे होतं.

भावाला पुरेना. पेट्रोलसाठी त्याने बाबांना एक कार्ड दिलेलं आहे, बाबांनी पंपावर ते दिलं की डोंबिवलीत त्याचा मोबाईल वाजतो. पावसाळाभर तो क्वचितच वाजला. डिसेंबरात वाजायला लागला तो थांबेचना. एक दिवस त्याने मला ऑफिसात फोन केला. बाबा नक्की जातात कुठे? बागेत जाऊन यायला इतकं पेट्रोल लागतं का? एक तर ते रस्ता चुकून भलतीकडे फिरत असतील, नाहीतर गिअर टाकायचं विसरून दुसऱ्यावरच गाडी रेटत असतील. त्याच्या सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी असंच एकदा गाडी भिंतीत घातली होती. ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

"ताई, मी संक्रांतीला येतोय," तो म्हणाला. "आलो की किल्ली काढून घेणार. तू मध्ये पडू नको."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्षातून चार वेळा येणाऱ्याने तिथे बसून हुकूम सोडायचे! पण फोन ठेवल्यावर मलाच धडकी भरली, कारण त्याचं म्हणणं खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. आई गेल्यापासून दुधाचं पातेलं गॅसवर विसरत होते. एकदा मला आईच्या नावाने हाक मारून झाल्यावर तसेच बघत राहिले होते. गाडीचं ॲव्हरेज कमी झालंय ते गाडीमुळे की बाबांमुळे, हाच सगळा प्रश्न होता. दोष गाडीत निघाला तर बाबांची सकाळ वाचणार होती. बाबांत निघाला तर ती जाणार होती, आणि तिच्याबरोबर आणखी काय काय गेलं असतं त्याचा विचार मला करवत नव्हता. मला दोष गाडीतच हवा होता.

मी गाडीच्या मागे लागले. आधी बाबांना सांगितलं की एकाच पंपावर, टाकी झाकणापर्यंत फुल करायची. त्यांनी केली. पुढची टाकी भरली तेव्हा हिशेब काढला. अठरा देणारी गाडी बारावर आली होती. मग पंप बदलून पाहिला. फरक नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला, गळती असली तर डाग पडेल म्हणून. पुठ्ठा सकाळी कोरडा. ऑफिसात ज्याला त्याला विचारत सुटले आणि ज्याने त्याने आपापलं ज्ञान दिलं. हल्ली पेट्रोलच तसलं येतं, असं निम्म्यांचं मत पडलं. पण मग त्यांच्या गाड्या का पीत नव्हत्या, ते कुणी सांगेना.

मिरकरवाड्याच्या रस्त्यावर आमचा एक मेकॅनिक आहे. त्याचा खरा धंदा होड्यांच्या इंजिनांचा, गाड्या तो मधल्या वेळात करतो, आणि त्याच्याकडे ठेवलेल्या गाडीला घरी आल्यावर चार दिवस मासळीचा वास येतो. त्याने प्लग बदलले. मग एअर फिल्टर बदलला. मग चारही चाकं उचलून हाताने फिरवून बघितली, ब्रेक धरून राहतोय का म्हणून. ती भिंगरीसारखी फिरली. टायरांत हवा कमी होती ती भरली आणि आता बघा ताई म्हणाला. बघितलं. बाराचे साडेबारा झाले. माझं तोंड बघून त्याने चाचरत विचारलं, बाबा क्लचवर पाय ठेवून चालवतात का? मी त्याला असं काही बोलले की त्याने पाना उचलला आणि तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

हवा किती भरायची ते पुस्तकात बघायला मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला होता. त्यात पुस्तकाच्या मागे एका फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं सापडलं. पितळेचं, लहान वाटीएवढं, मधे स्प्रिंग. जुन्या स्टोव्हचा बर्नर असतो ना, तसं काहीतरी. बाबा कसली कसली मोडतोड जपून ठेवतात, तसलंच असेल म्हणून मी ते होतं तिथे सरकवून ठेवलं.

शेवटी एका रविवारी मी म्हटलं, बाबा, आज मी येते बागेत. ते बरं म्हणाले. मी शेजारी बसले आणि सगळा रस्ता त्यांचे हातपाय बघत राहिले. लायसन्सच्या परीक्षेला साहेब बसतो तशी. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल. कारण बाबा उत्तम गाडी चालवत होते. गिअर वेळेवर, क्लचवरचा पाय लगेच बाजूला, शिरगाव सोडून चढाला लागल्यावर समोरून चिऱ्यांचा ट्रक आला तर शांतपणे बाजू दिली. सड्यावर आलो तेव्हा धुकं होतं. कातळावरचं गवत कापून नेलेलं, करवंदीच्या जाळ्या दवाने भिजलेल्या. मला थंडी वाजत होती. खरं तर थंडीने नव्हे, पण पाय गार पडले होते. म्हणून मी हीटरचं बटण फिरवलं. रत्नागिरीत हीटर कोण लावतो? इतक्या वर्षांत आमच्या गाडीत ते बटण कुणी फिरवलेलं मला आठवत नाही.

वारा आला तो गार. मी थोडा वेळ वाट बघितली. गारच.

बाबांनी हात लांब करून बटण मागे फिरवलं. "अगो, ते नको लावू. इंजिनावर ताण येतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. यंत्राच्या बाबतीत बाबा चुकीचं बोलले असं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हीटर इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो, त्याने कसला ताण येतो, एवढं मलाही कळत होतं. मग माझं लक्ष समोरच्या काट्याकडे गेलं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. शहरातून निघून आम्ही सड्यावर पोचलो होतो आणि तो अजून तळाशी पडून होता. मी विचारलं तर म्हणाले, थंडी आहे ना.

बागेत गेल्यावर ते गडग्यावर बसले. मोहोर यंदा खरोखरच चांगला आला होता, फांदी दिसू नये इतका. त्याचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास सगळीकडे होता. बाबा वर बघतसुद्धा नव्हते. त्यांनी फ्लास्क उघडला. त्यात चहा दोघांना पुरेल एवढा होता. मी येते म्हणाले त्याआधीच तो भरून झाला होता. झाकणात ओतून दिलेला चहा मी प्याले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले, आधीच्या बोलण्याबद्दल काही न म्हणता काट्याचं आणि हीटरचं सांगितलं. त्याने वरचा पाइप सोडवला, दोन बोल्ट काढून एक टोपी उचलली, आत बोट घातलं आणि हसला.

"इथे थर्मोस्टॅटच नाहीये, ताई. कोणीतरी काढून टाकलाय."

मग त्याने सांगितलं ते असं. इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर एक झडप असते. इंजिन गार असेतो ती बंद राहते, त्यामुळे इंजिन पटकन तापतं. तापलं की उघडते. ती काढली तर पाणी सारखं फिरत राहतं आणि थंडीत, थोड्या अंतरावर, इंजिन गारच राहतं. गार इंजिन जास्त पेट्रोल मागतं. आपल्याकडे पुष्कळ जण ती काढूनच टाकतात, गाडी कधी तापायला नको म्हणून. होड्यांच्या इंजिनांतून त्याने स्वतः किती तरी काढल्या होत्या. आधी का नाही बघितलं मग, असं मी विचारल्यावर म्हणाला, बाबांच्या गाडीत कोण असलं काही करेल, डोक्यातच आलं नाही.

स्टोव्हचा बर्नर! मी कप्पा उघडून ते फडकं काढलं. तोच तो. नवा मागवायचा तर एवढ्या जुन्या गाडीचा इथे मिळणार नाही, कोल्हापूरहून आणावा लागेल, असं तो म्हणाला. हा चालत असला तर हाच बसवू, घरी गरम पाण्यात टाकून बघा, उघडला तर चांगला.

मी घरी निघाले ती जवळजवळ गात. दोष गाडीत होता. बाबांनी चालवण्यात काहीही चूक केली नव्हती. भावाला काय काय ऐकवायचं ते मी मांडवीपर्यंत मनात घोळवत आले. पण एक गोष्ट टोचत होती. झडप काढली कुणी आणि ती फडक्यात गुंडाळून ठेवली कुणी, याचं उत्तर एकच होतं. गेले कित्येक आठवडे मी प्लग बदलत होते, पुठ्ठे अंथरत होते, आणि बाबा ते सगळं बघत गप्प बसले होते. भाऊ किल्ली घेणार हे मीच त्यांच्यापाशी बोलून गेले होते. एक शब्द बोलले असते तर मिटलं असतं.

जेवणं झाल्यावर मी ते पितळ त्यांच्यासमोर ठेवलं. बाबांनी ते ओळखलं, आणि मग सगळं सांगितलं.

मे महिन्यात आईला कोल्हापूरला नेत असताना आंबा घाटात गाडी तापली होती. बॉनेटमधून वाफा. एका वळणावर गाडी बंद पडली. आईला आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या. गाडीत बसवेना, बाहेर सावली नाही. बाबांनी पायाखालचं रबरी मॅट काढून रस्त्याच्या कडेला अंथरलं आणि त्यावर ती बसून राहिली, पदर डोक्यावर घेऊन. एका एसटीवाल्याने पाणी दिलं. खालच्या गावातून मेकॅनिक येईपर्यंत दुपार झाली. त्याने झडप काढली, ही अडकली होती म्हणाला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, आणि गाडी निमूट घाट चढली. कोल्हापूरला पोचले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. लॉजवर रात्र काढली. आईला ताप भरला. इंजेक्शन दुसऱ्या दिवशी मिळालं.

त्या संध्याकाळी मी फोन केला होता. आई म्हणाली होती, अगदी आरामात.

"तिनेच सांगितलं," बाबा म्हणाले. "म्हणाली, पोरांना कळवू नका. तुमची गाडी काढून घेतील, मग मला कोण आणणार?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, तोही आईचा. उन्हात बसून, उलट्या करत, तिने आमच्याविरुद्ध कट केला होता, आणि तो बरोबरच केला होता. आम्ही काढून घेतलीच असती. भावाने तर त्याच आठवड्यात येऊन घेतली असती. आणि ती गेल्यावरसुद्धा बाबा तिला दिलेला शब्द पाळत राहिले, कारण घाटातलं सांगितलं तर किल्ली जाणार आणि नाही सांगितलं तरी जाणार, अशा कात्रीत ते सापडले होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, घाटातलं भावाला कळायची गरज नाही. झडप नव्हती, बसवली, ॲव्हरेज आलं, एवढंच त्याला सांगायचं. बाबांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला वाटलं.

आणि मग मी चहाचं जुनं पातेलं गॅसवर ठेवलं.

बाबा मागोमाग स्वयंपाकघरात आले. कित्येक महिन्यांत कशात लक्ष घातलं नव्हतं त्या माणसाने चष्मा पुसला, माझ्या हातातून ते पितळ घेतलं आणि मला शिकवायला लागले. तळाला टेकू द्यायचं नाही, दोऱ्याला बांधून मधोमध धरायचं. गॅस बारीक ठेव. घाई करू नको. साइटवर हाताखालच्या लोकांशी ते असेच बोलत असतील. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे राहिलो. वाफ चष्म्यावर यायची, ते पुसायचे, परत वाकायचे. मला इतकं बरं वाटत होतं की ते पाणी लवकर उकळू नये असंही वाटून गेलं.

पाणी उकळायच्या जरा आधी झडप हलली. हळूच मधली चकती सरकली, फट पडली, मग पूर्ण उघडली. कुठे अडकली नाही. मी म्हटलं, बघा, उघडते की, आता कोल्हापूरहून मागवायला नको.

बाबा म्हणाले, काढ. गार होऊ दे. गार झाल्यावर ती आपोआप मिटली. परत टाक म्हणाले. परत टाकली, परत उघडली, तितकीच सहज. त्यांनी स्वतः गॅस बंद केला.

"हा चांगला होता," ते म्हणाले.

मला तेव्हाही समजलं नव्हतं. मी चांगलंच झालं की, असं काहीतरी म्हटलं.

"हा अडकला नव्हता गो. गाडीत पाणी नव्हतं."

ते स्टुलावर बसले. रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघायचा त्यांचा नेम होता, वर्षानुवर्षांचा. आईच्या आजारपणात तो राहून गेला होता. सकाळी तिचं दूध, तिच्या गोळ्या, तिला उठवून बसवणं. कधीपासून बघितलं नव्हतं ते त्यांना आठवत नव्हतं. मेकॅनिकने झडप काढली आणि पाणी भरलं, दोन्ही एकदमच केलं. गाडी चालली ती पाण्याने, आणि बाबा इतके महिने समजून चालले होते की त्या पितळाच्या तुकड्याने दगा दिला. ते त्यांनी जपून ठेवलं होतं ते म्हणूनच.

मी भरभर बोलायला लागले. असल्या झडपा कधी अडकतात, कधी नाही, त्या दिवशी अडकली असेल. पाइप गळत असेल. आणि एका दिवसाने आईच्या आजारात काय फरक पडणार होता, डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच सगळं स्पष्ट सांगितलं नव्हतं का. हे सगळं खरं होतं. बाबांनी ऐकून घेतलं.

"ती उन्हात बसली ती माझ्यामुळे," ते म्हणाले, आणि झडप कोरडी पुसून, त्याच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

सकाळी उठले तेव्हा गाडी दारात होती. बाबा कानटोपी घालून ओटीवर बसले होते आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला लावलेली होती. मी म्हटलं, जायचं नाही का आज? म्हणाले, मोहोर आलाय चांगला, आता काय बघायचं. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. मी आरडाओरडा केला, समजावलं, एकदा किल्ली त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती परत खिळ्याला लावली. मला वाटलं होतं की किल्ली कुणीतरी येऊन घेईल, आणि त्या माणसाशी मी भांडेन. भांडायला कुणी उरलंच नाही.

मेकॅनिकने झडप बसवली. काटा मध्यावर यायला लागला, हीटरला गरम वारा आला, गाडी पुन्हा अठरा द्यायला लागली. संक्रांतीला भाऊ आला. तिळगूळ दिला, बाबांच्या पाया पडला, गाडी घेऊन भाट्याच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून आला आणि खूश झाला. तो वाईट नाही. घाबरलेला होता, इतकंच. स्वतः जाऊन किल्ली बाबांपुढे धरली आणि म्हणाला, बाबा, गाडी एकदम ठीक आहे, तुम्ही चालवा, माझी काही हरकत नाही. बाबांनी नजर नीट नाही म्हणून सांगितलं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मी खाली बघत तिळाच्या वड्या डब्यात भरत राहिले. घाटातलं मी भावाला अजून सांगितलेलं नाही. आईचा शब्द आता मी पाळते आहे, आणि तो कशासाठी पाळायचा ते मला कळत नाही.

आता सकाळी बाबा घरीच असतात. टीव्ही लवकर लागतो. मधलं ते जास्तीचं वाक्य गेलं. रविवारी मी त्यांना बागेत नेते, ते नाही म्हणत नाहीत. परवा निघायच्या वेळी भावाचा फोन आला. ॲव्हरेज काय देते म्हणून विचारलं. मी म्हटलं, अठरा. तो म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो, दोष गाडीतच असणार. मी हो म्हटलं. बाहेर बाबांनी बॉनेट उघडलं होतं. हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी झाकण काढून आत वाकून बघितलं, बोट बुडवून बघितलं, पुन्हा झाकण घट्ट लावलं. पाणी काठोकाठ असतं, ते मी आदल्या दिवशीच बघून ठेवते.

"भरलेलं आहे," ते म्हणाले, आणि मागचं दार उघडून आई बसायची त्या बाजूला बसले. मी गाडी सुरू केली. शिरगावच्या पुढे काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. आरशात बघितलं तर बाबा थोडे पुढे वाकून, माझ्या खांद्यावरून, तो काटा बघत होते.